कर्जाचें जोखड आणि धर्मग्रामाची पेढी

ज्या मंगल प्रसंगानिमित्त ही स्मरणिका वाचकांच्या हातीं पडत आहे, त्या प्रसंगाच्या नांवाचा कर्जाशीं निकटचा संबंध आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं असेल. ‘ज्युबिली’ हा शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या ‘योबेल’ ह्या हिब्रू नांवापासून निघाला. लेवीय नामक ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें. विपत्तीपायीं ज्यानें वडिलोपार्जित जमीन गमावली असेल त्यास ती परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळें जो दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबांत परत जावें. त्याच अध्यायांत, थोडें पुढें, गरीब झालेल्या बांधवाकडून व्याज घेऊं नये असेंही बजावलें आहे. पहिली ज्युबिली ही अशी सुटकेची ज्युबिली होती.

महोत्सवाच्या वर्षीं आपण मंदिराच्या पायाचा दगड, घंटा, वेदी, शाळा आणि थोर धर्मगुरू ह्यांचें स्मरण करतों, व तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांनीं पै-पै जमवून अशीं मंदिरें उभारलीं, त्या घरांतील उधारीच्या वह्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. रविवारीं वेदीपुढें गुडघे टेकणारा मनुष्य सोमवारीं सावकाराच्या ओट्यावर हात जोडून उभा राही, हें पूर्वीच्या काळीं नवल नव्हतें. म्हणून आम्हीं ह्या लेखांत एवढेंच पाहण्याचें योजिलें आहे कीं, कर्जाच्या ह्या जोखडाविषयीं ख्रिस्तसभेनें काय शिकविलें, तिच्या लेकरांनीं काय केलें, आणि त्यांतून आपल्या घरच्या जमाखर्चास कोणता धडा मिळतो.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळूं. मोशेच्या नियमशास्त्रांत असें सांगितलें आहे कीं, गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असेल तर तें सूर्य मावळण्यापूर्वीं परत करावें. कारण रात्रीं अंगावर घेण्यास त्याच्यापाशीं दुसरें कांहीं नसतें. प्रभु येशूनें तर ह्याहून पुढें जाऊन, परत मिळण्याची आशा न धरतां उसनें द्यावें, असें शिकविलें. परंतु त्याच प्रभूनें दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे: ज्यास बुरूज बांधावयाचा आहे त्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहींतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि पाहणारे हंसतील. मोकळा हात आणि नेमका हिशेब, हीं दोन्हीं शुभवर्तमानाचींच शिकवण आहेत. आपण पहिलीचें प्रवचन आवडीनें ऐकतों आणि दुसरीचा विसर पाडतों, असें आम्हांस वाटतें.

प्राचीन ख्रिस्तसभेनें व्याजाविरुद्ध अतिशय कडक भूमिका घेतली. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या परिषदेनें, जो धर्मसेवक व्याजबट्टा करील त्यास पदावरून दूर करावें, असा नियम केला. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनें उघड व्याजखोरांस ख्रिस्तप्रसाद देऊं नये, पश्चात्तापावांचून ते मेल्यास त्यांस ख्रिस्ती दफनविधि मिळूं नये, आणि त्यांचें दानही स्वीकारूं नये, असें ठरविलें. संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) ह्यांनीं ह्या नियमामागील विचार उलगडून दाखविला. मद्य प्यालें म्हणजे संपतें. तेव्हां मद्याची किंमत एकदां आणि तें पिण्याची किंमत पुन्हां मागणें हा अन्याय होय. पैशाचेंही तसेंच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या काळीं गरीब मनुष्य कर्ज काढी तें बहुधा धान्यासाठीं, औषधासाठीं किंवा मर्तिकासाठीं. आणि बुडणाऱ्या माणसास दोरी टाकून तिचें भाडें मागूं नये, हा त्या कडक नियमांचा आशय होता.

हाच विवेक आपल्या देशालाही ठाऊक होता. व्याजाची मागणी एका वेळीं मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा ‘दामदुप्पट’ नांवाचा हिंदु धर्मशास्त्रांतील नियम मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही मानीत आलीं. व्याज बेतांत न राहिल्यास तें घर गिळतें, हें सर्व शहाण्या लोकांस पूर्वींपासून कळलेलें आहे. रुपयास दरमहा एक आणा व्याज ऐकावयास किरकोळ वाटे. पण वर्षाचा हिशेब केला म्हणजे तें शेंकडा ७५ होई!

परंतु नुसत्या बंदीनें भुकेलेल्याचें पोट भरत नाहीं. व्याज घेणें पाप आहे असें व्यासपीठावरून कितीही सांगितलें, तरी ज्याचें मूल आजारी आहे तो मनुष्य काळोख पडल्यावर सावकाराचें दार ठोठावीतच असे. हें ओळखून इटलींतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं पंधराव्या शतकांत एक नवा उपाय काढला. १४६२ सालीं पेरुजा शहरांत मिकेले कार्कानो ह्या फ्रान्सिस्कन प्रवचनकाराच्या उपदेशानें नागरिकांनीं एक सार्वजनिक निधि उभारला. त्यास ‘मोन्ते दि पिएता’, म्हणजे ‘दयेची रास’, असें नांव पडलें. श्रीमंतांनीं देणग्या व ठेवी द्याव्या. गरिबानें एखादें वस्त्र, भांडें किंवा हत्यार गहाण ठेवून त्याच्या किंमतीहून कमी रक्कम न्यावी. मुदतींत ती फेडून आपली वस्तु सोडवावी. आणि न फेडल्यास वस्तु विकून, कर्ज वजा जातां उरलेले पैसे तिच्या धन्यास परत द्यावे, अशी ही योजना होती. थोड्याच वर्षांत असे निधि इटलींतील अनेक शहरांत निघाले.

मात्र त्यांतून एक मोठा वाद उपस्थित झाला. कारकुनाचा पगार, जागेचें भाडें, वह्या व कुलपें ह्यांस पैसा लागे. म्हणून कर्जदाराकडून थोडें शुल्क घेण्यांत येई. हेंही व्याजच आहे, असें म्हणून कांहीं डोमिनिकन व ऑगस्टिनियन पंडितांनीं कठोर टीका केली. उलट, धन्यवादित बर्नार्डिन द फेल्त्रे (१४३९–१४९४) ह्या फ्रान्सिस्कनानें आग्रहानें प्रतिपादन केलें कीं, खर्च भरून न निघाल्यास निधि मेणबत्तीसारखा वितळून जाईल, आणि गरीब पुन्हां सावकाराच्या दारीं जातील. अखेरीस १५१५ सालीं पांचव्या लॅटरन परिषदेंत पोप दहावे लिओ ह्यांनीं निर्णय दिला: केवळ संस्थेच्या खर्चापुरतें घेतलेलें माफक शुल्क हें पापमय व्याज नव्हे, परंतु तो खर्चही दानशूरांनीं सोसून गरिबास कर्ज अगदीं विनाशुल्क मिळेल तर तें अधिक उत्तम. ह्या निर्णयाचें महत्त्व मोठें आहे. कर्जाची संस्था चालविणें हें दयेचें कृत्य असूं शकतें, आणि दयेच्या कृत्यालाही चोख हिशेब लागतो, हें ख्रिस्तसभेनें येथें स्पष्ट मान्य केलें.

ह्या उज्ज्वल इतिहासावर एक काळी सावलीही आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या काळीं अनेक नगरांत यहुदी लोकांस जमीन धारण करण्याची व कारागिरांच्या संघांत शिरण्याची बंदी असे. त्यामुळें त्यांच्यापैकीं कित्येकांस सावकारीवांचून गत्यंतर नव्हतें. असें असतां ह्या निधींचा प्रसार करणाऱ्या कांहीं प्रवचनकारांनीं, खुद्द बर्नार्डिननेंही, यहुद्यांविरुद्ध लोकांस चेतविलें, आणि त्यांतून निरपराध्यांस फार सोसावें लागलें. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें यहुद्यांचा द्वेष व छळ ह्यांविषयीं स्पष्ट शब्दांत खेद प्रकट केला. आपणही ह्यावरून सावध व्हावें. सावकाराच्या जातीस शिव्या दिल्यानें कोणाचें कर्ज फिटत नाहीं; पाप लोभाचें आहे, आणि लोभास जात नसते.

गहाण ठेवावयास ज्याच्यापाशीं भांडेंही नाहीं त्यानें काय करावें? ह्या प्रश्नाचें उत्तर एका प्रॉटेस्टंट बांधवानें दिलें, आणि कॅथॉलिकांनीं तें मोकळ्या मनानें स्वीकारलें. जर्मनींतील फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) हा वायरबुश गांवचा नगराध्यक्ष असतां १८४६–४७ च्या हिंवाळ्यांत दुष्काळ पडला. त्यानें सधन लोकांकडून वर्गणी जमवून पीठ आणविलें, भट्टी घातली, आणि गरिबांस उधारीवर भाकरी पुरविली. पुढें १८४९ सालीं फ्लामर्सफेल्ड येथें शेतकऱ्यांस गुरें घेण्यासाठीं साहाय्य करणारी मंडळी त्यानें स्थापिली. परंतु अनुभवानें त्यास असें आढळलें कीं, श्रीमंतांच्या उदारपणावर उभी असलेली संस्था कांहीं वर्षांत थकते. म्हणून १८६४ सालीं हेडेस्डोर्फ येथें त्यानें कर्ज घेणाऱ्यांसच संस्थेचे धनी केलें.

त्या संस्थांचे नियम ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. क्षेत्र एका गांवापुरतें असावें, म्हणजे सभासद एकमेकांस ओळखतील; एकाचें कर्ज बुडाल्यास जबाबदारी सर्वांवर यावी; चालकांनीं वेतनावांचून काम करावें; कर्ज कशासाठीं हवें हें आधीं विचारावें; आणि नफा वांटून न घेतां राखीव निधींत टाकावा. पेरुजांत गरिबाचें पांघरूण गहाण राही. येथें त्याची अब्रूच गहाण राहिली! जो मद्यपी, आळशी किंवा खोटें बोलणारा म्हणून गांवास ठाऊक, त्यास कर्ज मिळेना. आणि ज्याच्यापाशीं सदाचारावांचून दुसरें धन नाहीं, त्यास तें मिळूं लागलें.

१८९१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं श्रमिकांच्या स्थितीविषयीं आपलें सुप्रसिद्ध परिपत्रक काढून अधाशी व्याजखोरीचा निषेध केला, आणि मजुरानें काटकसरीनें शिल्लक टाकून अल्पशी का होईना, स्वतःची मालमत्ता करावी, असा उपदेश केला. ह्या विचारांनीं भारलेल्या पुष्कळ कॅथॉलिक मंडळींनीं रायफायझेनचा मार्ग धरला. त्यांत कॅनडांतील आल्फोन्स देजार्दें ह्याचें उदाहरण विशेष बोलकें आहे. तो तेथील पार्लमेंटांत भाषणें टिपून घेण्याचें काम करी. १८९७ सालीं १५० डॉलरांच्या कर्जापायीं एका माणसावर ५,००० डॉलर व्याजाचा बोजा बसल्याची हकीकत त्यानें सभागृहांत ऐकली, आणि तिनें त्याच्या मनाचा ठाव घेतला. १९०० सालीं लेव्ही गांवीं त्यानें धर्मग्रामाच्या आधारें लोकांची पेढी स्थापिली. तिची पहिली ठेव अवघ्या १० सेंटांची होती! देजार्दें नोकरीनिमित्त ओटावांत असे, तेव्हां त्याची पत्नी दोरिमेन हीच घरचें सांभाळून पेढीच्या वह्या पाही. घराचा जमाखर्च जिच्या हातांत चोख, तिच्या हातीं गांवाचाही जमाखर्च सुरक्षित राहतो, हें तिनें सिद्ध केलें.

आतां आपल्या देशाकडे येऊं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव करून त्यांचीं खतें व चोपड्या जाळल्या, आणि दंग्याचें लोण आसपासच्या मुलुखांत पसरलें. सरकारनें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा केला. परंतु कागद जाळल्यानें किंवा कायदा केल्यानें पेरणीच्या वेळीं हातांत पैसा येत नाहीं. मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन ह्यांनीं युरोपांतील संस्थांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ सालीं अहवाल सादर केले. रायफायझेनसारखीं माणसें येथें शोधून काढा, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढें १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

ह्या कायद्याचा लाभ धर्मगुरूंनीं लवकरच घेतला. छोटानागपुरांत मुंडा व उरांव लोकांच्या जमिनी कर्जापायीं हातच्या जात होत्या. तेथील जर्मन जेझुइट फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन (१८५७–१९२८) ह्यांनीं प्रथम १९०८ च्या कुळकायद्याच्या कामीं साहाय्य केलें, आणि १९०९ सालीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. लोकांचें दारिद्र्य एवढें कीं, पैशाबरोबर धान्याचीही पेढी काढावी लागली. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, जर्मन म्हणून फादरांस हा देश सोडावा लागला; परंतु संस्था त्यांच्या जाण्यानें बुडाली नाहीं. जें काम लोकांच्या स्वतःच्या हातीं दिलेलें असतें, तें स्थापकाच्या मागें टिकतें.

आणि आपल्या वसईंत? केळी, पानवेली व भाजीपाला ह्यांवर जगणाऱ्या ह्या बागाइती प्रांतांत पैसा पिकाच्या हंगामानें येतो. पण आजारपण, शाळेची फी आणि लग्नकार्य हीं हंगामाची वाट पाहत नाहींत. ह्याच मधल्या खिंडींत सावकार उभा असे. १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनीं पुढाकार घेऊन वसईंतील कॅथॉलिकांची सहकारी पतपेढी स्थापिली. तीच संस्था वाढत वाढत आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ह्या नांवानें सर्वांस परिचित आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं घरें, विहिरींवरचे पंप आणि मुलांचीं शिक्षणें अशाच सहकारी कर्जांवर उभीं राहिलीं आहेत. पेरुजापासून पापडीपर्यंतची ही वाट साडेचार शतकांची आहे, आणि तिचा शेवट आपल्या अंगणांत झालेला आहे.

ह्या इतिहासाचें तात्पर्य आम्ही एका वाक्यांत असें सांगूं: ख्रिस्ती माणसाचा जमाखर्च ही त्याची एकट्याची खासगी बाब नाहीं. पेढींतून मी जें कर्ज घेतों तें भिंतींतून निघत नाहीं. तें कोणा विधवेनें मासळी विकून ठेवलेलें असतें, कोणा मजुरानें मुलीच्या शिक्षणासाठीं सांचविलेलें असतें. मी हप्ता चुकविला तर ज्यास उद्यां औषधासाठीं कर्ज हवें आहे त्या माझ्याच शेजाऱ्याच्या तोंडचा घांस मी अडवितों. सातव्या आज्ञेचा भंग केवळ कुलूप फोडल्यानेंच होतो असें नाहीं. फेडण्याची शक्ति असतां टाळाटाळ केल्यानेंही तो होतो.

म्हणून प्रत्येक घरानें कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, जमाखर्चाची वही ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां पतिपत्नींनीं ती एकत्र बसून पाहावी. ज्या घरांत नवऱ्याचें कर्ज बायकोस जप्तीच्या नोटिशीनेंच कळतें, त्या घरांत विश्वास कसा नांदेल? दुसरी, देवाचा व गरिबाचा वांटा आधीं बाजूस काढावा, मग शिल्लक, मग खर्च. मागें उरेल तें देऊं असें म्हणणाऱ्याच्या हातीं बहुधा कांहींच उरत नाहीं. तिसरी, कर्ज काढण्यापूर्वीं रायफायझेनचा प्रश्न स्वतःस विचारावा: हा पैसा कांहीं उत्पन्न करणार आहे, कीं एका रात्रींत खाल्ला जाणार आहे? शिवणयंत्र, रिक्षा किंवा मुलाचें शिक्षण पुढें आपला हप्ता स्वतः फेडतें. मांडव, बँड व पंचपक्वान्नें ह्यांचा हप्ता मात्र नवदांपत्य पुढें कित्येक वर्षें भरीत राहतें. लग्न हा पवित्र संस्कार आहे. त्याची सुरुवात ऋणानें कां व्हावी?

चौथी गोष्ट आजच्या काळाची आहे. सावकाराचा ओटा आतां खिशांतील फोनमध्यें आला आहे. समजा, एखाद्यास ५,००० रुपयांचें कर्ज दाखवून ‘शुल्क’ म्हणून १,५०० आधींच कापले, आणि आठवड्यानंतर पुरते ५,००० मागितले, तर ३,५०० रुपयांस सात दिवसांत शेंकडा ४२ हून अधिक पडले! रुपयास महिना एक आणा घेणारा जुना सावकारही ह्यापुढें दयाळू ठरावा. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं अशा कर्जांविषयीं नियम केले आहेत. तरी पैसा आपल्या हातीं नेमका किती येणार आणि फेडावा किती लागणार, हें विचारल्याखेरीज कोठेंही होकार देऊं नये. पांचवी, ज्या घरांत वाडी विकून एकदम मोठी रक्कम आली असेल त्यांनीं तर विशेष जपावें. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन ही एकदांच विकतां येते. तिचा पैसा गाड्या व मेजवान्या ह्यांत विरला, तर ती परत देणारें पन्नासावें वर्ष आपल्या कायद्यांत नाहीं.

वाचकहो, तें पन्नासावें वर्ष कायद्यांत नसलें तरी आपल्या हातांत आहे. महोत्सवाच्या ह्या वर्षीं आपल्या वाड्यांतील एखादें कर्जांत रुतलेलें घर शोधून काढावें; सेंट व्हिन्सेंट द पॉलच्या बंधूंस किंवा धर्मगुरूंस गुपचूप कळवावें; त्या घराची वही त्यांच्याबरोबर बसून पाहावी; आणि कडक व्याजाचें कर्ज फेडून सौम्य व्याजाचें करून देण्यास जामीन राहण्याची आपली ऐपत असेल तर, पूर्ण हिशेब करून, राहावें. असें एक जरी घर मोकळें झालें, तरी मेंढ्याचें तें जुनें शिंग आपल्या धर्मग्रामांत पुन्हां वाजलें असें आम्ही समजूं. दयाघन परमेश्वर आपल्या सर्व कुटुंबांस मोकळा हात आणि नेमका हिशेब ह्या दोन्हींचें वरदान देवो, हीच आमची प्रार्थना.